मुंबईतले आडोशाचे बार आणि रात्रीची मुंबई: तुम्ही सारखे विचारता ते प्रश्न

पुण्या-नाशकाहून कामाला येऊन एक रात्र मोकळी सापडलेले, नव्यानेच मुंबईत नोकरीला लागलेले, डिसेंबरात दुबई-न्यू जर्सीहून येऊन जुन्या मित्रांना 'बसूया का' म्हणणारे, अशा सगळ्यांकडून हेच प्रश्न फिरून फिरून येतात. सोपे आधी घेतलेत, किचकट नंतर. दर, वेळा आणि बारांची दारं कधीही बदलतात, तेव्हा निघण्याआधी एक फोन करून घ्या.

१. मुंबईत 'लपलेला बार' म्हणजे नक्की काय? पुस्तकांच्या कपाटामागे दार असतं, तोच ना?

तो एक प्रकार झाला, आणि तो नवा आहे. कपाट सरकवा, फोनवर आलेला सांकेतिक शब्द सांगा, मग आत मंद दिवे नि महागडी कॉकटेल्स. ही कल्पना अमेरिकेतल्या १९२० ते १९३३ च्या दारूबंदीतून उचललेली आहे. दुसरा प्रकार खास इथला: काळ्या काचेचं दार, त्यामागे जाड पडदा, किंवा लॉजच्या बाजूने वर जाणारा अरुंद जिना आणि 'परमिट रूम' अशी पाटी. तो कोणी हौसेने लपवलेला नाही. आत बसलेला माणूस रस्त्याने जाणाऱ्या वडिलांच्या मित्रांना दिसू नये, एवढ्यासाठी तो पडदा. आमचं मत विचाराल तर मुंबईचा अस्सल लपलेला बार हाच, आणि या पानावर झुकतं माप त्यालाच मिळेल.

२. दारू सर्रास मिळते, मग पाट्यांवर अजून 'परमिट रूम' का लिहितात?

कारण कायदा अजून तोच आहे. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा नाव बदलून 'महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम' म्हणून आजही लागू आहे. १९५० साली मुंबईत पूर्ण दारूबंदी आली. मोरारजी देसाई आधी गृहमंत्री आणि मग मुख्यमंत्री असताना ती कडकपणे राबवली गेली. तेव्हा प्यायची तर तब्येतीसाठी गरज आहे असं डॉक्टरचं प्रमाणपत्र आणून 'हेल्थ परमिट' काढावं लागे. परवानाधारकांनी जिथे बसायचं ती परमिट रूम. साठच्या दशकात नियम सैल होऊ लागले, सत्तरीत आणखी झाले, पण कायद्याचा सांगाडा 'पिणं मना आहे, परवाना असेल तर चालेल' असाच राहिला. दारावरचा पडदाही त्याच काळाची शिल्लक.

३. आँटीचे बार अजून आहेत का? आजोबांच्या तोंडून खूप ऐकलंय.

नाहीत, आणि शोधूही नका. दारूबंदीच्या वर्षांत धोबी तलाव, माझगाव, माहीम, वांद्रे भागांत गोवन आणि ईस्ट इंडियन (मूळच्या इथल्याच) ख्रिश्चन बायका राहत्या घरात दारू विकत. पुढच्या खोलीत दोन बाकं, सोबत उकडलेली अंडी किंवा चणे. गिऱ्हाईक मटकन बसायचं, ग्लास संपवायचं, पैसे ठेवून निघायचं. रेंगाळायची सोय नव्हती, कारण धाड कधी पडेल सांगता येत नसे. यातल्या बऱ्याच बायकांचं घर याच धंद्यावर चाले, पोरांच्या शाळेची फीसुद्धा. याच वर्षांत हातभट्टीच्या चोरट्या धंद्यावर वरदराजन मुदलियारसारख्या गुंडांची साम्राज्यं उभी राहिली. कायदा सैल झाला, परमिट रूम वाढल्या आणि आँट्यांची गरज संपली. आज कोणी 'घरगुती माल मिळतो, चल' म्हणालं तर आधी प्रश्न २३ वाचा.

४. म्हणजे मला खरंच परवाना लागतो?

कायद्याने, हो. एका दिवसाचा परवाना विदेशी मद्यासाठी ५ रुपये आणि देशीसाठी २ रुपये, वर्षाचा १०० आणि आजन्म १,००० रुपये. राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या संकेतस्थळावर अर्ज करता येतो. बारमध्ये टेबलावर येऊन कोणी परवाना मागत नाही, हेही खरं. एकदिवसीय परवाने बारवाले स्वतःच घेऊन ठेवतात. पण घरी दोन-चार बाटल्या असतील, पार्टी द्यायची असेल किंवा प्रवासात बाटली सोबत असेल, तर आजन्म परवाना काढून पाकिटात टाका. हजार रुपयांत जन्माची कटकट मिटते.

५. वयाची अट १८ की २१?

महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी २१, व्हिस्की-रमसारख्या कडक दारूसाठी २५. गोव्यात १८ आहे, म्हणून कॉलेजची पोरं तिथून येऊन इथे वाद घालतात. कोपऱ्यावरच्या परमिट रूममध्ये फारसं विचारत नाहीत; पब आणि क्लबच्या दारावर ओळखपत्र बघतात. तेविशीतला माणूस आत येऊ शकतो, कायद्याने त्याने बिअर प्यावी.

६. आजवर फक्त पबमध्ये गेलोय. परमिट रूममध्ये पहिल्यांदा गेल्यावर काय करायचं?

पडदा सारून आत जा आणि रिकामं टेबल दिसेल तिथे बसा. एकटे असाल तर अनोळखी माणसासमोरच्या खुर्चीत बसवतील, त्यात वावगं काही नाही. मान हलवून हसलात की पुरे, गप्पा मारायची सक्ती नाही.

वेटर येऊन विचारेल, 'क्या लाऊँ?' इथे कॉकटेलची यादी नसते, मापं असतात. थर्टी, सिक्स्टी, नाइन्टी आणि क्वार्टर, म्हणजे १८० मिलिलिटरची सीलबंद बाटली. नेहमीचं गिऱ्हाईक क्वार्टरच मागवतं, कारण त्यात मापाची भानगड नाही. वेटर बाटली तुमच्यासमोर आडवी धरतो, लेबल नि सील दाखवतो, मग झाकणाला एक पीळ देतो. कट् असा आवाज आला की तुम्ही मान डोलवायची. सील आधीच उघडं असेल तर तिथेच परत करा, चांगला वेटर हुज्जत न घालता दुसरी आणतो. मग सोडा की पाणी, साधं की थंड, बर्फ किती, हे तो विचारतो आणि पुढच्या खेपेला न विचारता तसंच आणतो.

रिकाम्या क्वार्टरी टेबलाच्या पायाशी राहू द्या. बऱ्याच ठिकाणी बिलाच्या वेळी त्याच मोजतात, आणि तुमचाही हिशेब चुकत नाही. फोटो काढायचा मोह आवरा. बाजूच्या टेबलावरचा गृहस्थ घरी 'ऑफिसात उशीर झाला' सांगून आलेला असतो.

वेटर बहुधा उडुपी-मंगळूरकडचा, गल्ल्यावरचे शेट्टीही तिकडचेच. मुंबईतल्या परमिट रूमचा धंदा मोठ्या प्रमाणात तुळू बोलणाऱ्या बंट समाजाच्या हातात आहे, त्यामुळे मेन्यूत घी रोस्ट किंवा नीर डोसा दिसला तर तो मागवा.

७. चखणा फुकट असतो म्हणतात, खरं?

काही ठिकाणी. चणे, शेंगदाणे, काकडीच्या चकत्या, तळलेल्या नळ्या, कधी चकली असं काहीतरी न मागता समोर येतं. पण मसाला पापड आणि शेंगदाणा मसाला बहुतेक ठिकाणी बिलात लागतो, तेव्हा आधी विचारा. खरं खाणं करायचं तर बोंबील फ्राय मागवा. ते ताजे असतील तर वेटर स्वतःहून सांगतो. सांगितलं नाही तर चिकन चिली ड्रायवर समाधान माना.

८. एकाच बारमध्ये खाली एक दर आणि वर दुसरा. फसवतात का?

नाही. खाली नॉन-एसी, वर किंवा आत एसी, आणि दोन्हीचे दर वेगळे. मेन्यू कार्डही वेगळं असतं. एसीत खुर्च्या मऊ, गर्दी कमी, कुटुंब घेऊन बसता येतं. गंमत नॉन-एसीत जास्त असते, असं आमचं मत.

दर एकूणच वाढलेत. जून २०२५ मध्ये राज्य सरकारने उत्पादन शुल्क वाढवलं तेव्हा १८० मिलिलिटरची किमान दुकान-किंमत देशीसाठी ८०, महाराष्ट्रात बनणाऱ्या धान्याधारित 'महाराष्ट्र मेड लिकर'साठी १४८, भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यासाठी २०५ आणि उंची विदेशी मद्यासाठी ३६० रुपये ठरली. बार त्यावर आपला नफा लावतो. करवाढीच्या निषेधात १४ जुलै २०२५ ला राज्यभरातल्या बारमालकांनी बंदही पाळला होता. बिलातल्या बाकी ओळी प्रश्न २० मध्ये.

९. एकच संध्याकाळ आहे. कुठून सुरुवात करू?

कुलाबा आणि फोर्ट. सगळं पायी होतं आणि मुंबईच्या पिण्याचे चारही थर एका किलोमीटरच्या आत सापडतात.

अंधार पडायच्या सुमारास ताजच्या हार्बर बारमध्ये एक पेय घ्या. हॉटेल १९०३ चं, बार १९३३ चा, शहरातल्या सर्वांत जुन्या परवानाधारक बारांपैकी एक. एकच घ्या, कारण बिल पंचतारांकित येतं. खिडकीतून गेटवे आणि बंदरातल्या बोटी दिसतात, त्याचेच पैसे आहेत असं समजा.

तिथून ताजच्या पाठीमागे टुलक रोडवर गोकुळ. पाचशे पावलांत दुसरं जग. ट्यूबलाइटी, कलकलाट, कॉलेजची पोरं, गोदीतले लोक, एखादा भटका परदेशी, सगळे खांद्याला खांदा लावून. इथे क्वार्टर मागवा. हार्बर बारमधल्या एका पेयाच्या पैशात इथे दोघांची संध्याकाळ निघते.

मग कॉजवेवर या. लिओपोल्ड १८७१ पासूनचं आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात तिथे माणसं मारली गेली आणि गोळ्यांच्या खुणा भिंतीवर अजून राखल्या आहेत. बिअर मोठ्या मगातून देतात, गर्दी पर्यटकांची असते. आम्हाला त्यापेक्षा रीगल सिनेमासमोरचं मोंडेगर बरं वाटतं. तिथल्या भिंतींवर मारिओ मिरांडांची चित्रं आहेत आणि जागा मिळाली तर एक बिअर संपेपर्यंत माणसं मोजत बसता येतं.

जेवणासाठी फोर्टात शिरा. महेश लंच होम, अपूर्वा, त्रिश्ना, तिन्ही मंगळुरी वळणाची आणि तिन्हीकडे पेय मिळतं. त्रिश्नाचा बटर-पेपर-गार्लिक खेकडा नावाजलेला आहे आणि नावाइतकेच पैसेही घेतो. अपूर्वात गशी (नारळाचं मंगळुरी कालवण) आणि अप्पम खा.

१०. लोअर परळबद्दल फार ऐकतो. तिथे जुनं काही उरलंय का?

फारसं नाही, जुन्यातलं उरलंय ते बहुतेक गिरण्यांच्या चिमण्या नि कंपाउंडच्या भिंती. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते, आणि बहुतेकांना गिरणी परत दिसली नाही. फिनिक्स, कमला, तोडी ही आज मॉल-पबची वाटणारी नावं गिरण्यांची आहेत. पाळी सुटल्यावर कामगार ज्या गुत्त्यात नवटाक मारायला जात, त्या रस्त्यांवर आता क्राफ्ट बिअर मिळते. बिअर उत्तम असते, हेही सांगायला हवं. बॉम्बे कँटीन (२०१५ पासून) कॉकटेलसाठी जाण्यासारखं आहे. लालबाग-परळच्या बाजूला पायी निघालात तर चाळींच्या तळमजल्यावर जुन्या धाटणीच्या परमिट रूम अजून दिसतात. मासळी-भाताच्या थाळीसोबत क्वार्टर अशी जोडी तिथेच शोभते.

११. आणि वांद्रे?

पाली नाक्यावरचं जनता बघा. परमिट रूमच आहे, पण गिऱ्हाईक सिनेमावाले, जाहिरातवाले, आजूबाजूचे जुने रहिवासी असं मिसळलेलं. हिल रोडजवळचं यॉट त्याच घराण्यातलं. टोटोज गराजमध्ये बारवर फोक्सवॅगन बीटल गाडी टांगलेली आहे, गाणी जुनी रॉक. ताजी बिअर हवी तर डूलाली, त्यांनी २००९ मध्ये पुण्यात सुरुवात केली आणि मग मुंबईत आले.

१२. सांकेतिक शब्दवाल्या नव्या बारांत पैसे वसूल होतात का?

पेयाचे होतात, दाराचे होत नाहीत. आत बहुधा हात कसलेला बारटेंडर असतो, बर्फ एकसंध नि स्वच्छ, कोकम, जांभूळ, कढीपत्ता, गोंधोराज लिंबू असं काही ग्लासात पडलेलं. एका कॉकटेलला परमिट रूममधल्या चार क्वार्टरींचे पैसे मोजायची तयारी ठेवा.

व्यवहाराच्या गोष्टी: आगाऊ नोंदणी बहुतेक ठिकाणी सक्तीची. शनिवारी 'कव्हर' लागतं. ते खाण्यापिण्यात वळतं की नुसतं प्रवेशशुल्क आहे, हे फोनवरच विचारून घ्या, कारण भांडणं नेहमी इथेच होतात. चपला आणि अर्धी चड्डी घालून गेलात तर दारावर अडवतील. मुलगे-मुलगेच असाल तर अनेक क्लब 'स्टॅग नाही' म्हणतात, त्याला कायद्याचा आधार शोधत बसू नका, तो बार सोडून पुढे चला.

१३. आम्ही दोघी मैत्रिणी आहोत. परमिट रूममध्ये जाऊ शकतो का?

जाऊ शकता. पण आत पाऊल टाकताच वीस माना वळतील, हे गृहीत धरा. वेटरला 'एसीत बसायचंय' किंवा 'फॅमिलीत' सांगितलं की तो निमूट वर नेतो आणि पुढचे दोन तास तुमच्या टेबलाची काळजी जरा जास्तच घेतो. गोकुळ, जनता आणि यॉटमध्ये मुलींचे घोळके नेहमीचे आहेत, सुरुवात तिथे करा. कोपऱ्यावरच्या अनोळखी देशी दुकानात मात्र नको. 'सरकारमान्य देशी दारूचे दुकान' ही पाटी असलेली जागा उभ्याने पिऊन निघण्यासाठीच असते. मुंबई पोलिसांची महिलांसाठीची मदतवाहिनी १०३, आणि कुठल्याही तातडीला ११२.

१४. लाइव्ह संगीत कुठे ऐकायला मिळेल?

रोज बदलतं, त्यामुळे आठवड्याची यादी पाहूनच ठरवा. पार्श्वभूमी मात्र जाणून घ्या, कारण या शहराने हे आधी ऐकलेलं आहे. १९३५ मध्ये लिऑन ॲबी आपला जॅझ वाद्यवृंद घेऊन ताजमध्ये आला, पाठोपाठ टेडी वेदरफोर्ड. त्यांच्या बाजूला बसून गोवन वादक शिकले आणि पुढे चर्चगेटच्या हॉटेलांत आणि हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंग स्टुडिओंत तेच ट्रंपेट-सॅक्सोफोन वाजवू लागले. चिक चॉकलेट हे त्यातलं ठळक नाव. १९७२ मध्ये कुलाब्याच्या स्लिप डिस्क नावाच्या डिस्कोत लेड झेपेलिन या ब्रिटिश रॉक बँडचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट वाजवून गेले. तोडी मिलमधलं ब्लू फ्रॉग २००७ ते २०१६ चाललं आणि ते बंद झाल्यावर तेवढ्या तोलाचं एकही ठिकाण उभं राहिलं नाही, असं आम्हाला वाटतं.

उघड्यावरचा ध्वनिक्षेपक रात्री १० ला बंद व्हावा लागतो. गच्चीवर बँड ऐकायला जाताय तर सातला पोहोचा.

१५. डान्स बार बंद झाले ना?

अर्धवट उत्तर हवं असेल तर 'हो'. पूर्ण उत्तर असं की २००५ मध्ये आर. आर. पाटील गृहमंत्री असताना सरकारने बंदी घातली. उच्च न्यायालयाने २००६ मध्ये ती रद्द ठरवली, सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तो निकाल कायम ठेवला. सरकारने नवे कायदे केले, २०१६ च्या कायद्यातल्या बऱ्याच जाचक अटी जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काढल्या, पण पैसे उधळायला मनाईच राहिली. प्रत्यक्षात आज दिसतात ते ऑर्केस्ट्रा बार, म्हणजे गाणाऱ्यांचा परवाना. तिथे बिलं कशी फुगतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. नवख्याने उत्सुकतेपोटी जाऊ नये, एवढंच सांगू.

१६. रात्री किती वाजेपर्यंत मिळते?

परमिट रूममध्ये दीडपर्यंत, शेवटची ऑर्डर त्याआधी अर्धा तास. जानेवारी २०२० मध्ये 'मुंबई २४ तास' धोरण आलं आणि निवासी नसलेल्या बंदिस्त आवारांतली हॉटेलं-मॉल रात्रभर उघडी ठेवायला परवानगी मिळाली, तेव्हा बऱ्याच जणांचा समज झाला की दारूही रात्रभर. नाही. सवलत खाण्याला होती. नाताळात आणि ३१ डिसेंबरला सरकार पहाटे पाचपर्यंत मुभा देतं, तेवढा अपवाद. त्या रात्री दर तिप्पट आणि सेवा निम्मी असते; आम्ही ३१ ला घरी बसतो.

१७. ड्राय डे कोणते? आदल्या दिवशी घेऊन ठेवली तर?

२६ जानेवारी, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर पक्के. शिवाय महाराष्ट्रात आषाढी आणि कार्तिकी एकादशी, अनंत चतुर्दशी वगैरे यादी असते, ती दरवर्षी बघून घ्यावी. निवडणुकीत मतदान संपण्याआधीचे ४८ तास आणि मतमोजणीचा दिवस. ही बाहेरगावच्या लोकांना हमखास चुकवणारी गोष्ट, कारण पोटनिवडणूक असली तरी त्या भागात शटर खाली. बंदी विक्रीवर असते. परवाना असेल आणि बाटली आधीच घरात असेल तर घरी बसून पिण्याला आडकाठी नाही (प्रश्न ४).

१८. परत कसं जायचं? शेवटची लोकल कधी?

साधारण रात्री एकच्या आसपास गाड्या थांबतात आणि पहाटे चारनंतर सुरू होतात. नेमकी वेळ मार्गावर अवलंबून, तेव्हा ॲपमध्ये आधी बघून ठेवा. काळी-पिवळी टॅक्सी आणि रिक्षा मध्यरात्री १२ ते पहाटे ५ दीडपट नाही, सव्वापट भाडं घेऊ शकतात. 'रात्र आहे, डबल लागेल' म्हणणाऱ्याला हे सांगा. दक्षिण मुंबईत रिक्षा नाहीत, त्या उपनगरांतून वांद्रे आणि सायनपर्यंतच येतात.

गाडी घेऊन जाणार असाल तर न पिणारा एक जण सोबत हवाच. रक्तात १०० मिलिलिटरला ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं की पहिल्या गुन्ह्याला ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. 'एकच घेतली होती' हे नाकाबंदीतल्या हवालदाराने हजारदा ऐकलेलं असतं.

१९. दीडला बाहेर पडलो, भूक लागलीय.

कुलाब्यात असाल तर बडे मियाँ, १९४६ पासून ताजच्या मागच्याच गल्लीत. सीख कबाब आणि रुमाली रोटी. काळा घोड्याला अयुब्ज. सीएसएमटीच्या बाजूला भुर्जीपावच्या गाड्या. रमजान चालू असेल तर सगळं सोडून मोहम्मद अली रोड. मरीन ड्राइव्हवर सायकलवरून चहा-कॉफी विकणारे पहाटेपर्यंत फिरत असतात.

२०. बिलात एवढ्या ओळी कसल्या?

दारूवर जीएसटी नाही, व्हॅट लागतो. परमिट रूममध्ये तो नोव्हेंबर २०२३ पासून ५ वरून १० टक्के झाला. खाण्यावर जीएसटी वेगळा. सर्व्हिस चार्ज सक्तीचा नाही: केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये तसं बजावलं आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरलं. नको असेल तर शांतपणे काढायला सांगा. मात्र परमिट रूमच्या वेटरला रोख टीप द्या, तिथे सर्व्हिस चार्ज बहुधा नसतोच.

२१. बाटली घेऊन मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर बसलो तर?

पोलीस उठवतील, आणि प्रकरण दंडावर थांबेल याची खात्री नाही. चौपाट्यांनाही तेच लागू. कट्टा सायकलवरच्या चहासाठी ठेवा.

२२. गच्चीवरचे बार सुरक्षित असतात का?

२८ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्रीनंतर कमला मिल्समध्ये गच्चीवर आग लागली आणि १४ जण गेले. त्यातले बरेच जण स्वच्छतागृहात सापडले, धुरापासून वाचायला तिकडे धावले होते. म्हणून बसण्याआधी एक मिनिट घालवा: दुसरा जिना कुठे आहे, त्याच्या वाटेत खोकी रचलीत का, वर ताडपत्री किंवा बांबूचं छत आहे का. जिना एकच असेल तर दुसरा बार शोधा. उंचावरूनच शहर बघायचं तर वरळीच्या फोर सीझन्सच्या ३४ व्या मजल्यावरचा 'एअर' हा बार आहे. हॉटेलची इमारत, पक्के जिने.

२३. एका मित्राला खात्रीची स्वस्त हातभट्टी माहीत आहे. एकदा अनुभव म्हणून?

नाही. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसं मेली. कारण मिथेनॉल. ते चवीला नि वासाला साध्या दारूसारखंच लागतं, पिणाऱ्याला काही कळत नाही, आणि बारा-चोवीस तासांनी डोळ्यांपुढे धुकं येतं तेव्हा उशीर झालेला असतो. दुसऱ्या दिवशी नजर अंधुक झाली, पोटात भयंकर दुखलं तर 'हँगओव्हर आहे' म्हणून झोपू नका, तडक सरकारी रुग्णालय गाठा आणि काय प्यायलात ते खरं सांगा. स्वस्तच हवी असेल तर सीलबंद सरकारमान्य देशी घ्या, संत्र्याच्या वासाची. चव आवडेलच असं नाही, पण उद्या डोळे शाबूत असतील.

२४. गोव्याहून येताना चार बाटल्या आणल्या तर चालतं ना? सगळेच आणतात.

सगळे आणतात आणि त्यातले काही सिंधुदुर्गातल्या बांद्याजवळ इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर उतरवले जातात. गोव्यातल्या बाटलीवर महाराष्ट्राचं शुल्क भरलेलं नसतं, म्हणून परवानगीशिवाय ती इथे आणणं गुन्हा आहे. तुमचा आजन्म परवाना पिण्याचा आहे, परराज्यातून आयातीचा नाही. या दोन्हींत लोक हमखास गल्लत करतात. माल जप्त होतोच, वाहनही अडकू शकतं. विमानातून आणली तरी नियम तोच. फेणीची हौस गोव्यातच भागवून या.

२५. मी पीत नाही, पण मित्रांबरोबर जायचं आहे. परमिट रूममध्ये विचित्र दिसेल का?

अजिबात नाही. दर टेबलावर एक असा असतोच, गाडीच्या किल्ल्या त्याच्याकडे असतात. ताजा लिंबू सोडा खारा मागवा, तो परमिट रूममध्ये इतर कुठल्याही हॉटेलापेक्षा चांगला मिळतो, कारण तिथे सोडा खपतो आणि बाटली कधी शिळी नसते. खाणं तुम्हीच मागवा. बाकीच्यांना दुसऱ्या क्वार्टरनंतर बोंबील गार झालेले कळत नाहीत.